शंभरपर्यंत अंक तोंडपाठ, पण 'एकोणतीस' सांगितलं की ३९ लिहितात

मातीचीपाटी:
पहिली-दुसरीचा जोडवर्ग, मराठी माध्यम, पटावर २२ मुलं. बहुतेकांना शंभरपर्यंत अंक घडाघडा म्हणता येतात. पण 'सतरा चिंचोके दे' म्हटलं की काही जण मूठ भरून देतात, काही सतरावर थांबतच नाहीत. एकोणतीस सांगितलं की ३९ लिहितात, एकोणपन्नास ५९. पंचवीसचे ५२ होतात. दुसरीतल्या निम्म्या मुलांचं ३२ − १७ चं उत्तर २५ येतं, आणि हीच मुलं ३८ − १५ मात्र बरोबर सोडवतात.

गणिताला रोज एक तास मिळतो. साहित्य विकत आणता येणार नाही, जवळपास मिळेल तेच वापरायचं आहे. सुरुवात कुठून करू? अंकलेखन थांबवून मागे जावं का?

सुटेदशक:
ताई, हो, मागे जा. दहा-बारा दिवस वही बाजूला ठेवली तरी काही बिघडत नाही. मुलांना नाव पाठ आहे, पण त्या नावाएवढ्या वस्तू हाताने मांडलेल्या नाहीत. तुमच्या चारही चुका तिथूनच येतात.

आधी प्रत्येक मुलाला दोन-दोन मिनिटं द्या. समोर वीसेक चिंचोके ठेवून 'पाच दे' म्हणा. दिले की लगेच 'किती दिलेस?' असं विचारा. 'पाच' असं सरळ उत्तर आलं तर ते मूल पुढे न्यायला तयार आहे. पुन्हा एक, दोन, तीन सुरू झालं, तर मोजताना शेवटी आलेला अंक म्हणजे सगळ्या ढिगाची संख्या, हे त्याला अजून उमगलेलं नाही. मग तेच पाच चिंचोके लांब लांब पसरा आणि 'आता किती?' विचारा. पसरले म्हणून वाढले असं सांगणारी मुलं पहिलीत सापडतात. त्यात काळजीचं काही नाही, फक्त त्यांना इतक्यात दशकाकडे ओढू नका.

या मुलांसाठी एकच सवय लावा. नुसतं बोट फिरवून मोजायचं नाही. चिंचोका उचलायचा, वाटीत टाकायचा आणि टाकतानाच अंक म्हणायचा. बोट फिरवताना एखादा चिंचोका सुटतो किंवा दोनदा मोजला जातो. 'एकोणीस', 'अठरा' अशा लांब शब्दांना तर हात तोंडाच्या पुढे पळतो आणि एका शब्दात दोन चिंचोके पडतात. मोजून झालं की वाटीवर हात ठेवून म्हणायचं, 'सगळे मिळून सतरा.' हे वाक्य रोज म्हणून घ्या.

त्यानंतर गठ्ठे. खराट्याचे हीर बोटभर लांबीचे तोडा. पाच-सहा मुलांच्या गटाला १०० काड्या, म्हणजे तुमच्या वर्गाला चार गटांत ४०० पुरतील. टोकं बोचतात, ती दगडावर घासून घ्या. बांधायला रबर किंवा सुतळीचा तुकडा. गटासमोर मूठभर काड्या टाका आणि आधी अंदाज विचारा. मग दहा झाल्या की बांधायचं, उरतील त्या सुट्या ठेवायच्या. शेवटी बोलायचं, 'तीन गठ्ठे, चार सुट्या.' चौतीस हे नाव त्यानंतर.

इथे हमखास घडणारी चूक म्हणजे शिक्षकांनीच गठ्ठे बांधून देणं. वेळ वाचतो, पण मुलाला गठ्ठा ही एक नवीच वस्तू वाटते आणि तीन गठ्ठे नि चार सुट्या मिळून तो 'सात' सांगतो. गठ्ठा ज्याने बांधला त्याला आत दहा आहेत हे माहीत असतं. तरीही कुणी 'सात' म्हणालं तर चूक सांगू नका, एक गठ्ठा त्याच्याच हातून सोडवून मोजून घ्या. दर दोन दिवसांनी सगळे गठ्ठे सोडा आणि पुन्हा बांधा. नऊ किंवा अकरा काड्यांचे गठ्ठे निघतातच, म्हणून जोडीदाराने तपासल्याशिवाय गठ्ठा पक्का धरायचा नाही.

एकऊनतीस:
सरांनी काड्यांचं सांगितलंय, मी नावांबद्दल लिहिते. मराठीत हा अडथळा खरोखर मोठा आहे आणि त्याचा दोष मुलांकडे जात नाही.

पंचवीस ऐकताना 'पंच' आधी कानावर पडतं, वीस नंतर. लिहिताना मात्र २ आधी. मूल ऐकलं त्या क्रमाने लिहितं आणि ५२ होतात. म्हणून श्रुतलेखनात नियम करा: पूर्ण शब्द ऐकायचा, आधी गठ्ठे मांडायचे, मग सुट्या, आणि मांडलेलं डावीकडून उजवीकडे लिहायचं. गठ्ठे नेहमी मुलाच्या डाव्या हाताला. समोर उभं राहून दाखवलं तर आपली डावी ती त्याची उजवी होते, तेव्हा त्याच्या शेजारी बसूनच दाखवा. दिवसाला पाचच संख्या घ्या. वीस संख्यांचं श्रुतलेखन घेतलं की मांडणी सुटते आणि मुलं पुन्हा कानावर लिहू लागतात.

दशक नावाच्या शेपटीत असतं, हे मुलांना उघडपणे सांगा. शेवटी 'वीस' आलं की दोन गठ्ठे, 'तीस' आलं की तीन, 'चाळीस'ला चार. पुढे शेपटी बदलते: 'वन्न' किंवा 'पन्न' म्हणजे पाच गठ्ठे (बावन्न, त्रेपन्न), 'सष्ट' म्हणजे सहा, 'हत्तर' सात, 'ऐंशी' आठ, 'ण्णव' नऊ. हा तक्ता भिंतीवर लावा आणि प्रत्येक शेपटीपुढे तेवढे गठ्ठे काढा. त्रेचाळीस-चौतीस आणि छत्तीस-त्रेसष्ट या जोड्या एकाच दिवशी शेजारी शेजारी मांडून घ्या. ३६ मध्ये अंक एकमेकांकडे पाठ फिरवून बसतात, ६३ मध्ये समोरासमोर. 'छत्तीसचा आकडा' हा वाक्प्रचार त्यावरूनच आला, आणि मुलांना तो चटकन लक्षात राहतो.

शेपटीचा हा नियम मोडतो तो एकोणच्या नावांत, आणि तुमच्या वर्गातले ३९ आणि ५९ तिथलेच आहेत. शेवटी 'तीस' ऐकलं, तीन गठ्ठे मनात आले, एकोणीसमुळे 'एकोण' म्हणजे नऊ हे पक्कं झालेलं, झाले ३९. मुलाने नियम नीट लावलाय, त्याला अपवाद कुणी सांगितलेला नाही. एकोण म्हणजे एक ऊन, एक कमी. हे हाताने करून घ्या: तीन गठ्ठे मांडा, त्यातली एक काडी काढून घ्या. काडी काढायची तर गठ्ठा सोडावाच लागतो. उरले दोन गठ्ठे आणि नऊ सुट्या. म्हणून २९. लगेच ती काडी परत द्या, गठ्ठा बांधा, तीस. १९, २९, ३९ अशा ८९ पर्यंतच्या आठही नावांना हेच करा. ९९ ला मात्र एकोणशंभर न म्हणता नव्व्याण्णव म्हणतो, तेही आधीच सांगून ठेवा.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' अशी वाचनं एकवीस, बावीसच्या जोडीने आली आणि मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी तेव्हा जोडाक्षरांची अडचण मांडली होती, आणि 'त्र्याऐंशी' किंवा 'त्र्याण्णव' म्हणायला धडपडणारं मूल ज्याने पाहिलंय त्याला ती पटते. माझ्या मते सुरुवातीला दोन्ही नावं वापरावीत. गठ्ठे दाखवत 'वीस पाच', लगेच 'म्हणजे पंचवीस'. सोलापूर-कोल्हापूर भागात घरी कन्नड बोलणारी मुलं वर्गात असतील तर त्यांना 'इप्पत्तोंदु' म्हणजे 'वीस एक' हा क्रम घरूनच येतो, त्याचा उपयोग करून घ्या. बाजारात मात्र पंचवीसच ऐकू येणार, म्हणून दुसरी संपेपर्यंत जुन्या नावांवर मुलं पक्की व्हायला हवीत.

चौकटवही:
वजाबाकीबद्दल थोडं. ३२ − १७ = २५ म्हणजे मुलाने ७ मधून २ वजा केले. त्याच्या दृष्टीने एकक आणि दशक ही दोन वेगळी गणितं आहेत आणि दोन्हींत मोठ्यातून लहान काढायचा. ३८ − १५ मध्ये ही समजूत चालून जाते, म्हणून तिथे चूक दिसत नाही. असली उदाहरणं ढीगभर दिली की ती आणखी घट्ट होते.

काड्यांवर ३२ मांडा. १७ मांडू नका, ते यातूनच काढायचेत. दोन्ही संख्या मांडल्या की मुलं त्यांची बेरीजच करून टाकतात. सात सुट्या मागा. दोनच आहेत. काय करायचं ते मुलांनाच ठरवू द्या, गठ्ठा सोडायचं कुणीतरी सुचवतंच. आता दोन गठ्ठे, बारा सुट्या. बारातून सात गेल्या, पाच राहिल्या. मग एक गठ्ठा गेला, एक राहिला. पंधरा.

या टप्प्यावर 'उसना घेतला' हा शब्द मी टाळायला सांगेन. उसनं घेतलेलं परत करायचं असतं, इथे काहीच परत होत नाही. 'गठ्ठा सोडला' म्हणा, पुढे 'दहाची नोट मोडली' म्हणा. दुकानातले सुट्टे मुलांना कळतात. खोट्या नोटा आणि नाणी काड्यांनंतरच आणा, कारण नोटेच्या आत दहा रुपये दिसत नाहीत, गठ्ठ्यात काड्या दिसतात.

उदाहरणांचा क्रम: ३० − ४, मग ३२ − ७, मग ३२ − १७, शेवटी ४० − १७. पहिल्या पायरीवर पाचपैकी चार बरोबर आल्याशिवाय दुसरी घेऊ नका. ताळा रोज: १५ आणि १७ पुन्हा एकत्र करून ३२ होतात का ते काड्यांवरच बघायचं.

मातीचीपाटी:
दुसरीच्या मुलांबरोबर चार दिवस हेच केलं. काड्यांवर जवळपास सगळ्यांचं बरोबर येतंय, पण वहीत पुन्हा २५. काड्या आणि वही यांच्या मध्ये काही हवं आहे का?

सुटेदशक:
हवंच. मधली पायरी चित्राची. उभी रेघ म्हणजे गठ्ठा, टिंब म्हणजे सुटी काडी. ३२ म्हणजे तीन रेघा, दोन टिंबं. गठ्ठा सोडताना एक रेघ खोडायची आणि दहा टिंबं काढायची, पाच-पाचच्या दोन ओळींत, म्हणजे मोजावी लागत नाहीत. मग सात टिंबं आणि एक रेघ खोडायची. पहिले तीन-चार दिवस पानाच्या डाव्या अर्ध्या भागात चित्र आणि उजवीकडे अंकांतलं गणित, दोन्ही एकाच वेळी पुढे न्यायचं. चित्रात रेघ खोडली की लगेच उजवीकडे ३ खोडून २, आणि एककावर १२. आधी सगळं चित्र आणि मग सगळे अंक असं केलं तर दोन्हींचा संबंध लागत नाही आणि वहीत २५ पुन्हा येतात.

आणि दुसरीची मुलं शंभराच्या पुढे गेली की 'एकशे पाच' १००५ लिहितील. तेव्हा पुठ्ठ्याचे पत्ते करा: १०० चा तीन घरांचा, ५ चा एका घराचा. पाचाचा पत्ता शंभराच्या शेवटच्या शून्यावर ठेवला की १०५ दिसतात. उचलला की खाली शंभर तसेच.