ट्रेलरचा जॅक वाटेत सुटून खाली येतो. दुरुस्त होईल की नवा घ्यावा?

प्रश्न : आचरा खाडी
नमस्कार. मासेमारीच्या छोट्या फायबर होडीचा ट्रेलर आम्ही बोलेरोमागे जोडून मालवणहून आचरामार्गे देवगडला नेतो. ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर हाताने फिरवायचा, खाली लहान चाक असलेला जॅक आहे. निघताना तो आडवा झोपवून पिन बसवली, तरी खड्ड्यांतून गेल्यावर सुटून उभा होतो आणि चाक रस्त्यावर आपटते. चाकाचा काटा वाकला आहे. सध्या दोरीने बांधतो, पण दोरी घासून तुटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : लेथकाम कुडाळ
तुमच्या वर्णनावरून दोष पिनेत किंवा तिच्या भोकात आहे. पिन ओढून सोडून पाहा. ती खटकन आत गेली पाहिजे. रेंगाळत गेली, तर पिनेच्या घरात, म्हणजे ती सरकते त्या नळीत, मीठ आणि वाळू साचून स्प्रिंग जाम झाली आहे, असे समजावे. होडी उतरवताना जॅक खाऱ्या पाण्यात बुडत असल्यामुळे आपल्या किनाऱ्यावर हे फार होते, आणि 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात ट्रेलर जागेवर उभा राहिला की गंज आणखी धरतो. पिन रॉकेलमध्ये भिजवून तारेच्या ब्रशने घासावी, स्प्रिंग स्टेनलेस स्टीलची नवी घालावी आणि ग्रीस भरून बसवावी.
पिन खटकन बसूनही जॅक हलत असेल, तर पिनेचे टोक निरखून पाहा. ते झिजून निमुळते झाले असेल, तर प्रत्येक धक्क्याला पिन थोडी थोडी बाहेर ढकलली जाते. स्प्रिंग कितीही कडक घातली तरी ती टिकत नाही. भोकही लांबट झालेले असते. भोक 12 मिलिमीटरचे असेल, तर ते 13 किंवा 14 चे गोल करून त्याच मापाची पिन लेथवर करून घ्यावी. वेल्डिंग करायचेच असेल, तर जॅकची पट्टी ट्रेलरवरून सोडवून आणावी आणि जस्ताचा थर आधी ग्राइंडरने काढावा, कारण त्याचा धूर छातीत गेला की ताप भरतो.

उत्तर : हर्णै बंदर
वरील सल्ल्याशी मी सहमत आहे, मात्र जॅक काढण्यापूर्वी चाकांना दोन्ही बाजूंनी अडणी लावा आणि दांड्याखाली लाकडी ठोकळा द्या. होडी ट्रेलरवर असेल आणि वजन मागच्या बाजूला जास्त असेल, तर दांडा एकदम वर उसळतो. त्यामुळे होडी उतरवूनच हे काम करणे उत्तम.
ज्यांचा जॅक झोपत नाही, फक्त पकडीत आवळून वर धरलेला असतो, त्यांचा दोष वेगळा असतो. तिथे पकडीतल्या नळीला ग्रीस लावू नये, नाहीतर ती घसरणारच. आतली नळी आपोआप उतरते आहे का, हे कळण्यासाठी तिच्यावर रंगाची रेघ मारून ट्रेलर थोडा फिरवून आणावा. रेघ सरकली, तर हँडल धक्क्यांनी उलटे फिरते आहे; ते खटक्यात अडकवावे, खटका नसल्यास बांधून ठेवावे.

प्रश्नकर्ता : आचरा खाडी
दोघांचेही मनापासून आभार. पिन काढली, तर घरातून ओली वाळू निघाली आणि स्प्रिंगचे दोन तुकडे हातात आले. टोकही एका बाजूने झिजले आहे. नवी पिन करून घेतो. तोपर्यंत दोरीऐवजी साखळी बांधली तर चालेल का?

उत्तर : लेथकाम कुडाळ
चालेल, पण साखळी ताठ आवळा आणि तिला नट-बोल्टने बंद करा. नुसता आकडा उडून निघतो. नव्या पिनेच्या टोकाला आडवे भोक पाडून त्यात आर-क्लिप (इंग्रजी R च्या आकाराची तारेची क्लिप) घालण्याची सोयही त्याच वेळी करून घ्या, म्हणजे स्प्रिंग पुन्हा तुटली तरी पिन बाहेर येणार नाही. होडी उतरवून झाली की पिनेच्या घरावर गोडे पाणी मारत जा.