जुना ग्रेडर: गिअरबॉक्सचा आवाज आणि ऑइल गळती

प्रश्न: मुरमाच्या कामावर जुना पॉवरशिफ्ट (ऑइलच्या दाबाने गिअर बदलणारा) ग्रेडर, म्हणजे रस्ता सपाट करायचं मशीन, आहे. सकाळी ठीक चालतो, पण दोन तासांनी गिअरबॉक्समधून घूंऽऽ आवाज, गिअर उशिरा पकडतो आणि रात्रभर उभा केला की खाली परातभर ऑइल. मेकॅनिक म्हणतोय पूर्ण खोला. काय करू?

उत्तर १: दादा, खोलायची घाई नको. आधी बेली प्लेट (खालचा संरक्षक पत्रा) काढा, डिझेलने सगळं धुवा, अर्धा तास चालवा आणि टॉर्च घेऊन बघा ओल कुठून सुरू होतेय, कारण ऑइल वाऱ्याने मागे पसरतं आणि आपण भलताच सील बदलतो. काळं असेल तर बहुतेक इंजिनचं. ब्रीदर (गिअरबॉक्समधली हवा बाहेर सोडणारी तोटी) पण बघा, चोक झाला की आत प्रेशर वाढतं आणि चांगला सीलही गळतो.

उत्तर २: न्यूट्रलला पण घूं येतो का? मग गिअरबॉक्सच्या ऑइल पंपावर संशय. डिपस्टिकवर (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवर) फेस दिसला तर पंप हवा ओढतोय. फिल्टर कापून बघा, पितळी चुरा असेल तर क्लच प्लेट किंवा बुश, लोखंडी चकत्या असतील तर मात्र खोलावंच लागेल.

प्रश्नकर्ता: न्यूट्रलला पण येतो, फेस पण होता. ब्रीदर मातीने लिंपलेला, सक्शन होजचा (पंपाकडे ऑइल ओढणाऱ्या पाइपचा) क्लॅम्प बोटाने फिरत होता 😅 फिल्टर उद्या कापतो.