मदत हवी आहे: भाकरी नीट भाजेल अशी कमी धुराची चूल

नमस्कार मंडळी,

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. आई गेल्या फेब्रुवारीत गेली. शेवटची चार वर्षं तिला न्हाणीघरापर्यंत चालतानाही दम लागायचा. पहिल्यांदा दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी आधी विडीचं विचारलं. तिनं जन्मात विडीला हात लावला नव्हता. तपासण्या झाल्यावर ते म्हणाले, सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन दम लागण्याचा फुफ्फुसांचा आजार, चुलीच्या धुरानं झालेला.

वर्षश्राद्धाला गावजेवण न घालता त्या पैशातून वस्तीतल्या १४ घरांना कमी धुराच्या चुली द्यायच्या, असं आम्हा भावंडांचं ठरलंय. कोणती द्यावी, इथे अडलोय.

बहुतेक घरांत उज्ज्वलाचा गॅस आहे, पण तो चहाला आणि पाहुण्यारावळ्यांना. मजुरी आठवड्याला हातात पडते, सिलिंडरचे पैसे एकदम मोजावे लागतात, आणि शेतात पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) फुकट मिळतात. त्यामुळे आंघोळीचं पाणी आणि दोन्ही वेळच्या भाकरी चुलीवरच.

शेजारच्या काकूंकडे रॉकेट चूल आणून दिली होती. तिचं तत्त्व मला पटतं. खालच्या तोंडातून थोडंच जळण आत जातं, उभ्या भागाच्या भिंती तापलेल्या राहतात, त्यामुळे धुरातले वायू भांड्याला लागण्याआधीच बरेचसे जळून जातात. पऱ्हाट्या बारीक असल्यानं फोडायचंही काम नाही. वरण, भात, पाणी, सगळं झकास झालं. भाकरी मात्र मधे करपली आणि कडा कच्च्या राहिल्या, कारण जाळ तव्याच्या मध्यावरच लागतो. शिवाय तव्यावरून काढलेली भाकरी फुगवायला चुलीच्या तोंडाशी निखारे हवेत, ते तिथे नसतातच. तिसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, "भाकरीपुरती जुनीच राहू दे बाबू." आता त्यांच्याकडे दोन चुली पेटतात, आणि सगळ्यात जास्त वेळ जिच्यापुढे बसायचं ती जुनीच.

हे होऊ द्यायचं नाहीये. आफ्रिकेत मलावीमध्ये पंख्याच्या (जाळाला पंख्यानं हवा देणाऱ्या) चुली वाटून मोठा अभ्यास झाला होता. पाच वर्षांखालच्या मुलांचा न्यूमोनिया त्यानं कमी झाला नाही. ते वाचल्यापासून नुसत्या चुली वाटून मोकळं व्हायची भीती वाटते. पंख्याची चूल आमच्याकडे तशीही अवघड, जळणाचे बोटभर तुकडे करत कोण बसणार?

फलटणच्या 'आरती' संस्थेची साच्यातून पाडलेली 'लक्ष्मी' चूल दोन वैलांची आणि धुराड्याची असते, असं वाचलंय. कोणी रोज वापरली आहे का? ज्वारीची भाकरी तिच्यावर कडेपर्यंत भाजते का, आणि निखारे पुढे ओढता येतात का? धुराड्याचा आम्हाला जुना अनुभव आहे: काजळीनं तुंबलं, पत्र्याच्या भोकातून पावसाळ्यात गळायला लागलं, मग आईनंच ते काढायला लावलं. ते भोक पक्कं कसं बुजवायचं आणि काजळी किती दिवसांनी काढायची, हे गवंडीकाम जाणणाऱ्या कोणी सांगितलं तर फार उपकार होतील. रॉकेट चुलीवर जाड तवा किंवा मधे लोखंडी पत्रा ठेवून कोणाला भाकरी जमली असेल, तर तेही सांगा.

दिवाळीनंतर दोन घरांत महिनाभर वापरून बघणार आहे. काकूंनी होकार दिलाय, पण भाकरी झाली तरच.