अर्धवट सोडलेल्या किशोर कादंबऱ्या : तुम्ही कुठे थांबलात?

कपाट आवरताना एका जाडजूड कादंबरीत २१२ व्या पानावर जुनं तिकीट सापडलं. खूण म्हणून मीच ठेवलेलं. १६ वर्षांची नायिका, उद्ध्वस्त झालेलं जग, कुठलीतरी निवड-परीक्षा, एवढं आठवलं. पुढचं आठवेना, कारण पुढे मी गेलेच नव्हते. मग सगळं कपाट उपसलं, तर अशा खुणांची ११ पुस्तकं निघाली आणि त्यातली ९ किशोर कादंबऱ्या, म्हणजे ज्यांना सगळे 'वायए' ('यंग अ‍ॅडल्ट') म्हणतात त्या. या कादंबऱ्या तर भराभर वाचून व्हाव्यात अशाच लिहिलेल्या असतात. मग मी नेमक्या त्याच का सोडते? हा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून तुम्हाला विचारतेय. 'पुस्तक बोअर होतं' एवढ्यावर थांबू नका. कुठे थांबलात, तेव्हा पुस्तकात काय चाललं होतं आणि तुमचं काय चाललं होतं, तेही लिहा. आलेली उत्तरं खाली एकापाठोपाठ देतेय.

* * *

माझी लेक १४ वर्षांची असताना तिने तिची लाडकी मालिका माझ्या हातात ठेवली. सगळं प्रथमपुरुषी आणि वर्तमानकाळात. मी धावते, मी दार ढकलते, माझा श्वास अडकतो. पहिली शंभर पानं मी एका बैठकीत वाचली. मग नायिका आईसाठी चिठ्ठी ठेवून मध्यरात्री घर सोडते. सकाळी ती चिठ्ठी आईच्या हातात पडणार, हे मला लख्ख दिसत होतं. पुस्तक मात्र मुलीबरोबर जंगलात निघून गेलं आणि आईकडे पुन्हा वळलंच नाही. मी तीनदा पुढचं प्रकरण उघडलं आणि तीनदा मिटलं.

लेकीला सांगितलं तर ती दुखावली. म्हणाली, "आई, ही तिची गोष्ट आहे. तिच्या आईची नाहीये." खरं होतं तिचं. ही पुस्तकं साधारण १२ ते १८ वयाच्या वाचकांसाठी लिहिलेली असतात आणि त्या वयाला घराबाहेर पडणाऱ्या मुलीच्या डोळ्यांतूनच जग पाहायचं असतं. मी उंबऱ्याच्या आतल्या बाजूला उभी होते. ते पुस्तक मी अजून पूर्ण केलेलं नाही. पण त्या रात्री आम्ही दोघी घर सोडून जाण्याबद्दल जे बोललो, ते एरवी कधी बोललो नसतो.

* * *

दुसरा मुलगा आला की मी पुस्तक मिटते. एक बालमित्र, एक गूढ परका आणि मध्ये ती. पुढची तीनशे पानं कोणावर खर्च होणार ते कळलेलं असतं.

* * *

माझा प्रश्न मालिकांचा आहे. 'डायव्हर्जंट' २०११ मध्ये आलं, 'इन्सर्जंट' २०१२ मध्ये, 'अ‍ॅलिजन्ट' २०१३ मध्ये. पहिले दोन भाग मी झपाटल्यासारखे वाचले, वर्षभर तिसऱ्याची वाट पाहिली आणि तिसराच सोडला. पहिल्या दोन भागांत नायिका ट्रिस एकटी बोलते. तिसऱ्यात एक प्रकरण तिचं, एक तिच्या प्रियकराचं, फोरचं. मला तिच्या आवाजाची इतकी सवय झाली होती की प्रकरण कोणाचं आहे हे बघायला सारखा वरचं नाव शोधायचो. त्यात वर्षभराच्या खंडात निम्मी दुय्यम पात्रं विसरलेली. साधारण शंभराव्या पानापाशी लक्षात आलं की मी वाचत नाहीये, नुसता हजेरी घेतोय. आता नियम केलाय : मालिकेचे सगळे भाग आल्याशिवाय पहिला उघडायचा नाही.

* * *

'द बुक थीफ' किशोरांच्या कपाटातून उचललं होतं. नंतर कळलं की ऑस्ट्रेलियात ते २००५ मध्ये मोठ्यांसाठी म्हणून प्रकाशित झालं होतं आणि अमेरिकेत पुढच्या वर्षी किशोरांसाठी. त्यात गोष्ट सांगतो तो मृत्यू. आणि तो काही लपवत नाही, कोण जाणार हे कितीतरी आधीच सांगून टाकतो. त्या दिवसांत माझा भाऊ अतिदक्षता विभागात होता आणि मी बाहेरच्या बाकावर बसून वाचत होते. मृत्यू जेव्हा नायिकेच्या मित्राबद्दल, रुडीबद्दल सांगतो, तिथे मी पुस्तक पिशवीत टाकलं. पुस्तकात खोट काहीच नव्हती. त्या बाकावर मला तो आवाज नको होता.

भाऊ बरा झाला. चार वर्षांनी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. त्याच ओळीवर हात थांबला, पण या वेळी पान उलटलं.

* * *

मी १७ वर्षांची आहे, म्हणजे ही पुस्तकं माझ्यासाठीच आहेत. तरी दहातली सहा सोडते. त्यातली मुलं चाळिशीतल्या माणसांसारखा विचार करतात, फक्त बोलताना मध्ये मध्ये आमचे शब्द पेरतात. दोन-तीन पानांत कळतं. 'दि आउटसायडर्स' मात्र एका रात्रीत संपवलं. १९६७ चं पुस्तक, त्यातलं काहीच माझ्या जगातलं नाही. नंतर वाचलं की प्रकाशित झालं तेव्हा लेखिका एस. ई. हिंटन १८ वर्षांची होती. मग उलगडलं.

* * *

शाळेच्या ग्रंथालयात मी बरीच वर्षं काढली. परत आलेल्या पुस्तकांत खुणा कुठे राहिल्यात ते बघायची सवय लागते. पहिल्या ५० पानांत सोडणारी मुलं दुसरं पुस्तक न्यायला येतात. मला काळजी वाटायची ती सक्तीने शेवटापर्यंत नेलेल्यांची. एक मुलगा दर आठवड्याला यायचा. मग वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाचा सारांश लिहून द्यायचा असा दंडक निघाला आणि तो यायचाच बंद झाला. एक नावडती कादंबरी त्याच्या दप्तरात दोन महिने पडून होती. ती संपेना आणि दुसरी घ्यायची परवानगी नव्हती.

फ्रेंच लेखक दानिएल पेनाक यांनी १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क मांडले. पुस्तक अर्धवट सोडण्याचा हक्क त्यात तिसरा आहे. अमेरिकन ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा हिशेबही मुलांना फार आवडायचा : ५० वर्षांपर्यंतच्या वाचकाने ५० पानं द्यावीत आणि त्यापुढच्याने शंभरातून वय वजा करून उरतील तेवढी. मी आता ६२ वर्षांचा आहे, म्हणजे ३८ पानं. पेनाक यांची यादी मी काउंटरमागे लावली होती. त्या मुलाला ती वाचायला मिळाली नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

* * *

माझं पुस्तक १९ व्या प्रकरणावर थांबलंय आणि तिथेच राहणार आहे असं वाटायचं. मी आणि माझी मैत्रीण रोज रात्री फोनवर एक-एक प्रकरण वाचायचो, एक दिवस ती, एक दिवस मी. एकटीने पुढे जायचं नाही अशी शपथ होती. मग आमचं बिनसलं, कशावरून ते आता लिहिण्यासारखंही नाही. सहा वर्षं बोललो नाही. गेल्या महिन्यात तिचा मेसेज आला, एकच ओळ : "पुढे वाचलंस?"

"नाही. तू?"

"मीपण नाही."

२० वं प्रकरण वाचायची पाळी तिची आहे.