गायरानावर झाडं लावायला विरोध केला तर गाव मला येड्यात काढेल का?

माळभटक्या
धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं गाव आमचं. वरच्या अंगाला गायरान आहे, नुसता मुरमाड माळ, पावसाळ्यात पवन्या-कुसळीचं गवत गुडघ्याला लागतं आणि दिवाळीनंतर सगळं पिवळं. आता ठरतंय की मे महिन्यात जेसीबीने खड्डे मारून सगळीकडे गिरीपुष्प नि करंज लावायचे. मला पक्ष्यांचा नाद. थंडीत तिथे भोवत्या (घारीसारखे शिकारी पक्षी) येतात, धाविक असतो, चंडोल, पखुर्ड्या, पण पूर्वीसारखे थवे आता नाहीत. ग्रामसभेत उठलो तर म्हणतील हा झाडांनाच नाही म्हणतो. खरंच एवढा फरक पडतो का?

टिटवीवाला
पडतो. हे सगळे जमिनीवर अंडी घालणारे पक्षी आहेत, लांबवर मोकळं दिसलं तरच त्यांना सुरक्षित वाटतं. झाडं आली की कावळ्याला बसायला जागा होते आणि अंडी-पिल्लं गेलीच समजा. त्यात माळटिटवीची वीण नेमकी उन्हाळ्यात, मुरमात खळगा करून अंडी, ती जेसीबीवाल्याला दिसणार पण नाहीत. भोवत्यांचं वेगळं, ते मध्य आशियातून येतात, रात्री गवतातच जमिनीवर झोपतात नि दिवसभर नाकतोडे, उंदीर खातात. कागदावर माळ म्हणजे ‘पडीक’, सगळा घोळ तिथून सुरू होतो. नान्नजला १९७९ मध्ये माळढोकसाठी अभयारण्य झालं तरी सोलापूरकडे आज माळढोक नावालाच उरलाय.

कापूसवाला_पारोळा
पक्षी बिक्षी ठीक आहे भाऊ पण एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे बाहेर उभं राहवत नाही, सावली नको का? आणि माळ मोकळा दिसला की उद्या त्यावर सोलर येईल. तुमच्याच तालुक्यात शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा आहे, ब्राह्मणवेलकडे पवनचक्क्या. निदान झाडं असली तर कोणी हात लावणार नाही.

मेंढीवाडा
आते गवतच नई ऱ्हायनं ते पाखरू कोठून येई भो! आमची मेंढरं आहेत म्हणून सांगतो, ज्या माळावर वेडी बाभूळ घुसली तिथे मेंढरूही जात नाही आणि तित्तरही नाही. गिरीपुष्पाला आमची मेंढरं तोंड लावत नाहीत, मग गायरान कशाला म्हणायचं त्याला? सावलीचंच म्हणाल तर झाडं नाल्याच्या काठाला, बांधाला, शाळेपाशी लावा ना, माळाच्या मधोमध कोण बसायला जातं?

रानवाट
मेंढीवाड्याचं बरोबर, गावात पक्ष्यांपेक्षा चाऱ्याचं बोला. धुळ्याजवळचं लळिंगचं कुरण सगळ्यांना माहीत असतं, तसं आमचंही कुरण ठेवा म्हणायचं. पावसाळ्यात चराई बंद, पक्ष्यांची वीण उरकली की कापणी, गवताचा लिलाव करून पैसे पंचायतीत. सोलरवाल्यालाही दाखवता येतं की जागा वापरात आहे. सातपुड्यापलीकडे रतलाम जिल्ह्यात सैलान्याला तणमोर या गवताळ माळावरच्या पक्ष्यासाठी १९८३ पासून अभयारण्य आहे, तिथे आसपासच्या शेतात तणमोर आल्याची खबर दिली तर शेतकऱ्याला बक्षीस देतात. (पावसाळ्यात नर गवतातून उंच उड्या मारतो, बघण्यासारखं असतं.) आणि कायद्याने प्रत्येक पंचायतीत जैवविविधता समिती नि लोकजैवविविधता नोंदवही (गावातल्या वनस्पती-प्राण्यांची नोंद) असायला हवी, बऱ्याच ठिकाणी ती कपाटात धूळ खाते. ती मागा, त्यात माळाचे पक्षी नि गवतं फोटोसकट चढवा, मग ठरावाला आधार मिळतो. आणि काही जमलं नाही तर किमान खड्डे जूनच्या आत मारू नका एवढं तरी लावून धरा.

माळभटक्या
चाऱ्याचं डोक्यातच आलं नव्हतं. दोन मेंढपाळ घर आणि डेअरीला दूध घालणारे सोबत घेतो म्हणजे मी एकटा पडणार नाही. नाल्याकाठी झाडं हे कापूसवाल्या भाऊंनाही चालावं. नोंदवहीचं उद्या ग्रामसेवकाला विचारतो. पवन्या नि मारवेल ओळखणारं कोणी धुळ्याकडे असेल तर सांगा, मला गवतं नीट ओळखता येत नाहीत.

मेंढीवाडा
या आमच्याकडे, आमचा आजा सांगेल. सकाळी लवकर या, नंतर तो रानात जातो.