स्टार्टरला साखरेचं पाणी नको

घरच्या बियरसाठी यीस्टचा स्टार्टर (म्हणजे मोठ्या बॅचमध्ये टाकण्याआधी थोड्या द्रावणात यीस्ट वाढवून घेणं) कसा करायचा यावरच्या वरच्या पोस्टमध्ये, बाटलीला एअरलॉक (बाहेरची हवा आत न येऊ देणारं झाकण) न लावता नुसती फॉईल सैल गुंडाळा असं लिहिलंय ते एकदम बरोबर, यीस्ट वाढायला ऑक्सिजन लागतोच. पण साखरेच्या पाण्यात स्टार्टर करा हे त्यातलं अजिबात पटलं नाही. नुसत्या साखरेत यीस्टला वाढायला लागणारा नायट्रोजन नसतो, आणि त्यावर वाढलेलं यीस्ट पुढे वर्टमधला (ज्याची बियर होते त्या माल्टच्या गोड पाण्यातला) माल्टोज, म्हणजे माल्टची साखर, खायला आळस करतं. १ लिटर पाण्याला १०० ग्रॅम ड्राय माल्ट (माल्टच्या अर्काची पावडर) घ्या, म्हणजे ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत द्रावणाची घनता) १.०३७ च्या आसपास येते, १०-१५ मिनिटं उकळा आणि नीट गार झाल्यावरच यीस्ट टाका. माल्ट पावडर थंड पाण्यातच ढवळून घ्या हं, वाफेवर धरली की चमच्याला चिकटून गुळाच्या पाकासारखा गोळा होतो.

अजून कोणी लिहिलं नाही म्हणून सांगतो, लागरसाठी (कमी तापमानात आंबवायची बियर) २ लिटरचा स्टार्टर मी एकदा सगळाच्या सगळा २० लिटर वर्टमध्ये ओतला आणि त्याची ती आंबूस, उतरलेली चव शेवटपर्यंत बियरमध्ये लागत राहिली. तेव्हापासून स्टार्टर झाला की एक-दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवतो, तळाशी दुधाच्या सायीसारखा पांढरा थर बसतो, वरचं पाणी ओतून टाकायचं आणि फक्त तो थर वापरायचा. ड्राय यीस्ट असेल तर मात्र या भानगडीत पडूच नका, गरज नसते.