काउन्सिलचं भाडं थकलं, पझेशनची (घराचा ताबा परत घेण्याची) नोटीस आलीय, काय करू?

तुळस_मिडलँड्स:
नमस्कार मंडळी, खूप घाबरून लिहितेय. इंग्लंडात मिडलँड्समध्ये काउन्सिलच्या (म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या) भाड्याच्या फ्लॅटमध्ये पाच वर्षं राहतोय, आम्ही दोघं आणि दोन मुलं. भाडं आठवड्याला ११८ पाउंड. वर्षापूर्वी बँक बदलली तेव्हा डायरेक्ट डेबिट (खात्यातून आपोआप भाडं जाणं) बंद झालं, तेव्हापासून मीच १ तारखेला ११८ गुणिले ४ म्हणजे ४७२ भरते. ह्यांचे वेअरहाउसमधले तास कमी झाले तेव्हा फक्त एक महिना चुकला, बाकी ११ महिने वेळेवर. आणि काल नोटीस, बाकी ९४४! एका महिन्याची दुप्पट कशी झाली? काउन्सिलच्या रेंट ऑफिसरचे (भाड्याचं काम बघणाऱ्या बाईंचे) फोन येत होते ते मी लाजेने उचलले नाहीत, हे खरं. सासूबाईंना अजून सांगितलं नाहीये. हे म्हणतात कोर्टात नाव जाण्यापेक्षा आपणच चाव्या देऊन नणंदेकडे जाऊ.

जुना_भाडेकरू:
ताई, हिशोबात चूक तिथेच आहे. महिना म्हणजे चार आठवडे नाही. ११८ ला ५२ ने गुणा आणि १२ ने भागा, महिन्याला ५११ पाउंड ३३ पेन्स येतात. तुम्ही दर महिन्याला ३९ पाउंड ३३ पेन्स कमी भरत होतात, वर्षात बरोबर ४७२, अधिक चुकलेला महिना ४७२, झाले ९४४. माझंही पहिल्या वर्षी हेच झालं होतं, मला वाटायचं काउन्सिलच फसवतंय. उद्याच स्टेटमेंट मागवा आणि ताळा करून बघा.

रातराणी:
चाव्या अजिबात देऊ नका!! स्वतःहून घर सोडलं तर पुढे काउन्सिल म्हणू शकतं की तुम्ही जाणूनबुजून बेघर झालात, मग दुसरं घर मिळणं फार अवघड. नोटीस म्हणजे घर गेलं असं नाही हो, त्यावरची मुदत संपल्याशिवाय ते कोर्टात जाऊ शकत नाहीत, आणि कोर्टात गेले तरी जज परिस्थिती बघतो, बऱ्याचदा 'चालू भाडं अधिक थोडे थोडे पैसे' असा हप्ता बांधून देतो आणि तो पाळला तर घर राहतं. फक्त तारखेला गैरहजर राहू नका. नोटीस आल्यावर कायद्याचा फुकट सल्ला मिळतो, ऑगस्ट २०२३ पासून, उत्पन्न कितीही असो, आणि सुनावणीच्या दिवशी कोर्टातही वकील भेटतो. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस किंवा शेल्टर या सल्ला देणाऱ्या संस्थांना फोन करून विचारा.

पाव_भाजी_लेस्टर:
तास कमी झालेत तर युनिव्हर्सल क्रेडिटला (कमी उत्पन्न असलेल्यांना मिळणारी सरकारी मदत) अर्ज केलात का? त्यात घरभाड्याचा भाग असतो, पण पहिला पैसा यायला पाच आठवडे लागतात. मधे अ‍ॅडव्हान्स मिळतो पण ते कर्जच आहे, पुढच्या पैशातून कापतात, तेव्हा बेताने घ्या. घरात गरजेपेक्षा एक बेडरूम जास्तीची धरली तर भाड्याचा भाग १४ टक्के कमी होतो, तेही बघून घ्या. आणि दर एप्रिलला भाडं वाढलं की युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यात, म्हणजे जर्नलमध्ये, नवीन रक्कम टाकावी लागते, आमच्या ओळखीतल्या एका काकूंनी टाकली नाही आणि फरक त्यांच्या अंगावर पडला. इतर कर्जंही असतील तर डेट अ‍ॅडव्हायझरकडून 'ब्रीदिंग स्पेस' मिळतो, ६० दिवस थकबाकीवर कारवाई थांबते, चालू भाडं मात्र भरावंच लागतं.

जुना_भाडेकरू:
हो, आणि काउन्सिलकडे भाड्यासाठी वेगळी जादा मदतही असते, पूर्वी डीएचपी म्हणायचे, आपणहून मागितल्याशिवाय कुणी देत नाही. ताई, आधी रेंट ऑफिसरला फोन करा. झेपेल तेवढाच आकडा सांगा, घाबरून मोठा हप्ता कबूल केला आणि दुसऱ्याच महिन्यात मोडला तर जास्त वाईट. बोलणं झालं की ईमेलवर लेखी घ्या.

तुळस_मिडलँड्स:
सगळ्यांचे मनापासून आभार, रात्रभर झोप नव्हती. आज फोन केला. त्या बाई म्हणाल्या आम्ही तीन महिने तुमच्याशी बोलायचा प्रयत्न करतोय. आता महिन्याला ५११.३३ अधिक २५ ठरलंय, डायरेक्ट डेबिट परत सुरू केलं, युनिव्हर्सल क्रेडिटचा अर्ज रात्री दोघं बसून भरणार. ईमेल यायचाय, आला की इथे कळवते. सासूबाईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, अगं आधी सांगायचं ना, माझ्या पाटल्या कशासाठी आहेत.

रातराणी:
पाटल्या राहू द्या ताई, २५ झेपतायत ना! ईमेल जपून ठेवा, प्रिंट पण काढा.